वीस वर्षांचा रायडिंग मोवर अर्धा फेरा घेऊन अडतो : दुरुस्ती कुठून सुरू करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोमध्ये घेतलेल्या घराबरोबर आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये ठेवून दिलेला, साधारण २००४ सालचा, ४२ इंची डेकचा (पाती झाकणाऱ्या पत्र्याच्या आवरणाचा) क्राफ्ट्समन रायडिंग मोवर, म्हणजे बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, आपल्याकडे आला. त्यावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एका सिलिंडरचे इंजिन आहे. किल्ली फिरवली की इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेते आणि भिंतीला टेकल्यासारखे अडते. नवी बॅटरी बसवूनही फरक पडला नाही. एका दुरुस्तीवाल्याने मोवर न पाहताच फोनवर स्टार्टर बदलायला सांगितले. आता तो दुरुस्त करावा की मोडीत काढावा, आणि दुरुस्त केल्यास पुढे घरच्या घरी त्याची देखभाल कशी करावी, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. हा मोवर मोडीत काढण्यासारखा नाही, आणि स्टार्टर बदलण्याचीही बहुधा गरज नाही. आपण सांगितलेले लक्षण या घराण्यातल्या इंजिनांत इतके नेहमीचे आहे की टॅपेटचे अंतर, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर, वाढले असावे, हीच माझी पहिली शंका आहे. तरीही ती शंकाच आहे, म्हणून आधी मोजमाप करावे आणि मगच भाग मागवावा. जुन्या मोवरवर होणारा बहुतेक खर्च तो बिघडल्यामुळे होत नाही. निदान न करता एकामागून एक चांगले भाग बदलत गेल्यामुळे होतो. आपण विकत घेतलेली बॅटरी हे त्याचेच उदाहरण असू शकते.

हत्यार हातात घेण्यापूर्वी यंत्राची ओळख पटवून घ्यावी. सीटखाली, चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. तो ९१७ ने सुरू होत असेल, तर तो मोवर साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गच्या कारखान्याचा, म्हणजे आज हस्कवार्ना या नावाखाली असलेल्या कंपनीचा आहे. २४७ ने सुरू होत असेल, तर तो एमटीडी या दुसऱ्या कंपनीने बनवलेला आहे. रंग आणि नाव एकच असले तरी या दोघांची पाती, बेल्ट आणि स्पिंडल (पाते फिरवणारे आस) एकमेकांना लागत नाहीत. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ साली सीअर्स या दुकानसाखळीकडून स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेले, आणि आज दुकानात दिसणारे नवे लाल क्राफ्ट्समन हे एमटीडीच्या वळणाचे आहेत. त्यामुळे 'क्राफ्ट्समन ४२ इंच' एवढेच शोधून भाग मागवणाऱ्याला हमखास चुकीची वस्तू मिळते. ९१७ मालिकेतल्या जुन्या सहा अंकी भाग-क्रमांकापुढे ५३२ लावले की तोच भाग हस्कवार्नाच्या यादीत सापडतो, ही युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंजिनाची ओळख वेगळी असते. त्याच्या धातूच्या आवरणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात आणि कोडचे पहिले दोन अंक इंजिन बनल्याचे वर्ष सांगतात. या सर्वांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा, कारण दुकानात उभे असताना ते आकडे कोणालाच आठवत नाहीत.

आता मूळ बिघाडाकडे वळू. मोवर सपाट जागी ठेवावा, ब्रेक लावावा, मागच्या चाकांना उटी लावावी आणि स्पार्क प्लगची वायर काढून प्लगपासून दूर बांधून ठेवावी. सर्वांत आधी ऑइलची डिपस्टिक काढून पातळी पाहावी आणि वास घ्यावा. ऑइल खुणेच्या बरेच वर असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरची सुई अडकून पेट्रोल इंजिनात झिरपले आहे, आणि सिलिंडरमध्ये साचलेल्या त्या द्रवामुळेही पिस्टन अडू शकतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे अशा वेळी स्टार्टर रेटत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. ही शंका आल्यास आधी ऑइल बदलावे आणि पेट्रोलची गळती थांबवावी.

ऑइल ठीक असेल तर प्लग काढून किल्ली फिरवावी. त्या वेळी प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नये आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू नये. प्लगविना इंजिन सुसाट फिरले, तर बॅटरी, स्टार्टर आणि मधल्या जाड वायरी बहुतांशी निर्दोष आहेत आणि अडथळा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, आहे, असे समजायला हरकत नाही. प्लग काढूनही इंजिन रखडत असेल तर मल्टिमीटर काढावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि किल्ली फिरवताना ती साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. ती तेवढी खाली जात नसूनही स्टार्टर मरगळलेला असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा किल्ली फिरवावी. या दोन जागांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची वायर किंवा तिचा गंजलेला बोल्ट दोषी आहे. वीस वर्षे गॅरेजच्या दमटपणात काढलेल्या यंत्रात हे फार वेळा घडते आणि त्यावरचा उपाय पॉलिश पेपरच्या एका तुकड्याइतका स्वस्त आहे. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' असा आवाज येऊन काहीच हलत नसेल तर सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच, तपासावा. आपल्याकडे इंजिन अर्धा फेरा फिरते, त्यामुळे मला त्याचा संशय कमी आहे.

कॉम्प्रेशनमुळे इंजिन का अडते, हे समजले की पुढची कृती सोपी वाटते. एका सिलिंडरच्या एवढ्या मोठ्या इंजिनात पूर्ण दाबाविरुद्ध पिस्टन वर ढकलण्याइतकी ताकद त्या लहान स्टार्टरमध्ये नसते. ज्यांनी जुन्या बुलेटला किक मारली आहे त्यांना डिकॉम्प्रेशनचा लीव्हर आठवत असेल. तो दाबून व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायचा, पिस्टन दाबाच्या टप्प्यापलीकडे न्यायचा आणि मगच जोर लावायचा. आपल्या इंजिनात तेच काम कॅमशाफ्टवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा, एक छोटा भाग आपोआप करतो. इंजिन सावकाश फिरत असताना तो एक व्हॉल्व्ह केसभर उचलून थोडा दाब सोडून देतो आणि वेग वाढला की बाजूला होतो. हे उचलणे इतके थोडे असते की रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर जरा वाढले तरी ते त्या अंतरातच जिरून जाते. व्हॉल्व्ह उघडतच नाही, दाब सुटत नाही आणि स्टार्टर अडतो. बॅटरी नवी असली तरी हेच होते, म्हणून पुष्कळ लोक दुसरी बॅटरी, मग स्टार्टर, मग सोलेनॉइड असे विकत घेत जातात.

टॅपेट तपासायला फिलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या), सॉकेटचा साधा संच आणि एक निवांत सकाळ पुरते. इंजिन पूर्ण थंड असावे. व्हॉल्व्हचे झाकण चार बोल्टनी बसवलेले असते. ते काढताना गॅस्केट फाटेलच असे गृहीत धरून नवे आधीच आणून ठेवावे. झाकण निघाले की दोन रॉकर दिसतात. कार्ब्युरेटरच्या बाजूचा इनटेकचा आणि सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्टचा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी किंवा पेन्सिलीसारखी गुळगुळीत काडी धरून, इंजिन वरून फ्लायव्हीलपाशी हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना काडी सर्वांत वर येईल, ती कॉम्प्रेशनच्या फेऱ्यातली वरची मर्यादा. तिथेच मोजण्याची चूक अनेकजण करतात. तिथून पुढे, पिस्टन पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर खाली उतरेपर्यंत इंजिन फिरवावे आणि मग मोजावे, म्हणजे दाब सोडणाऱ्या भागाचा उंचवटा मध्ये येत नाही. या मालिकेतल्या इंजिनांसाठी इनटेकचे अंतर ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्टचे ०.००५ ते ०.००७ इंच असावे. आपल्या इंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरून ब्रिग्जच्या पुस्तिकेत हे आकडे पडताळून पाहावेत. बिघडलेल्या इंजिनात बहुधा एका तरी व्हॉल्व्हचे अंतर याच्या कितीतरी पट भरते, आणि कधीकधी गेजची गरजच उरत नाही. रॉकर बोटाने खुळखुळतो.

अंतर जुळवताना रॉकरच्या मध्यावरचा अडकवणारा छोटा स्क्रू आधी सैल करावा, मग नट फिरवून गेजचे पाते ओढताना किंचित घर्षण जाणवेल इतपत आणावे आणि नट तसाच धरून स्क्रू घट्ट करावा. घट्ट करताना अंतर हमखास थोडे हलते, म्हणून पुन्हा मोजावे, इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि परत मोजावे. रॉकर ढकलणाऱ्या दोन दांड्याही पाहाव्यात. एखादी वाकली असेल किंवा जागेवरून सुटली असेल तर त्यामागे दुसरे कारण असते, त्याकडे पुढे येतो. दांड्या बाहेर काढल्यास जिथली तिथेच परत घालाव्यात. झाकण लावून, प्लग बसवून किल्ली फिरवल्यावर इंजिन एकसारखे फिरू लागले तर आपले काम एका गॅस्केटच्या किमतीत झाले.

अंतर अचूक जुळवूनही इंजिन तसेच अडले, तर कॅमशाफ्टवरचा तो छोटा भागच झिजला किंवा तुटला आहे. याची खात्री करून घेता येते. झाकण उघडे ठेवून इंजिन हाताने फार सावकाश फिरवावे. दाबाच्या फेऱ्यात पिस्टन वर चढत असताना दोनपैकी एक व्हॉल्व्ह क्षणभर किंचित दबून पुन्हा मिटायला हवा. तसे न झाल्यास कॅमशाफ्ट बदलावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन चौकटीतून काढून खालचा तळ उघडावा लागतो. हा भाग फारसा महाग नाही, पण काम संपूर्ण शनिवार-रविवारचे आहे. तुटलेला तुकडा तळात पडला असेल तर तो गिअरमध्ये येण्याआधी काढलेला बरा, म्हणून 'चालतोय तोवर चालवू' हे धोरण इथे चालत नाही.

इंजिन फिरू लागले तरी ते लगेच पेट घेईल असे नाही, कारण टाकीतले पेट्रोल आधीच्या मालकाच्या काळातले असणार. अमेरिकेतल्या पंपांवरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी पुरेसे साचले की इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. नेमका तोच तळचा भाग कार्ब्युरेटरकडे जातो. लहान इंजिनांना १० टक्क्यांपर्यंत चालते. १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्यांत वापरायला मनाई आहे आणि पंपावर तशी सूचनाही असते. जुने पेट्रोल हाताच्या पंपाने काढून झाकणबंद डब्यात भरावे आणि काउंटीच्या (स्थानिक जिल्हा प्रशासनाच्या) घातक कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन द्यावे. ते गटारात किंवा कुंपणाच्या कडेला ओतू नये. रबरी नळी कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर ती व फिल्टर दोन्ही बदलावेत. त्यांचा खर्च किरकोळ आहे आणि फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे असावा एवढेच बघायचे.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. किल्ली चालूच्या जागी आणल्यावर कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला लावलेल्या, पेट्रोलची वाट उघडणाऱ्या छोट्या सोलेनॉइडमधून 'टक' ऐकू यायला हवे. ते आले नाही तर पेट्रोल आत जाणारच नाही, आणि दोष कार्ब्युरेटरचा नसून विजेचा आहे. दुसरे, हवेचा फिल्टर काढून आत कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारून इंजिन फिरवावे. दोन-तीन सेकंद चालून ते बंद पडले, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन शाबूत आहेत आणि केवळ पेट्रोल पोहोचत नाही. मग वाटी काढून साफ करावी, मुख्य जेट (पेट्रोल जाण्याचे बारीक भोक असलेला तुकडा) उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे आणि त्यातली काजळी वा चिकट थर वायरीतल्या एखाद्या तांब्याच्या तारेने मोकळा करावा. जेटमध्ये ड्रिल किंवा सुई घालू नये, कारण भोक केसभर मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा आणि कड्या कोणत्या भोकात होत्या त्याचा फोटो सोडवण्याआधी काढावा. वेग वाढावा म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. इंजिनाचा आणि पात्यांच्या टोकांचा कमाल वेग सुरक्षिततेसाठी तिथेच बांधलेला असतो. इंटरनेटवर अगदी स्वस्तात मिळणारे नवे कार्ब्युरेटर मला फारसे पसंत नाहीत. मूळचा स्वच्छ करून पाहावा आणि त्याचे शरीर गंजून खड्डे पडले असतील तरच पर्याय शोधावा.

इंजिन सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटांनी मरते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार पुढे कधी आली तर आधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातले हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येत नाही. ठिणगीच येत नसेल, तर इंजिन बंद करणारी बारीक वायर कॉइलपासून (ठिणगी निर्माण करणाऱ्या भागापासून) तात्पुरती सोडवून तपासावे. ठिणगी परत आली तर कॉइल निर्दोष आहे आणि कुठलातरी स्विच वा किल्लीची वायर तिला अर्थ करत आहे. प्लगबाबत फार लिहिण्यासारखे नाही. चॅम्पियनचा आरसी१२वायसी ०.०३० इंच अंतरावर बसवावा आणि दर हंगामाला बदलावा.

आता ज्या गोष्टीमुळे ही इंजिने खरोखर मरतात तिच्याकडे येतो. ओहायोच्या हिवाळ्यात गॅरेजमधल्या उंदरांना इंजिनाच्या वरच्या पंख्याचे आवरण घरट्यासाठी फार आवडते. वसंतात कोणी तपासत नाही, मोवर छान सुरू होतो, आणि सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पंखांवरून हवा न गेल्यामुळे तो आतून भाजून निघतो. त्याचे परिणाम ठरलेले आहेत. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या माथ्याखालचे सील) सिलिंडर आणि दांड्यांच्या पोकळीच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळते, मग तळातला दाब वाढून ऑइल ब्रीदरवाटे (तळातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेने) हवेच्या फिल्टरमध्ये येते आणि सायलेन्सरमधून पांढरट-निळा धूर निघू लागतो. किंवा व्हॉल्व्हची गाइड (तो ज्यातून सरकतो ती नळी) उष्णतेने जागेवरून सरकते, व्हॉल्व्ह अडकतो आणि दांडी वाकते. वर उल्लेख केलेल्या वाकड्या दांडीचे हे नेहमीचे कारण. धूर पाहून 'रिंग गेल्या, इंजिन संपले' असा निकाल देणारे अनेक भेटतील, पण या मालिकेत आधी हेड गॅस्केटचा विचार करावा. म्हणून आपला मोवर पहिल्यांदा चालवण्यापूर्वीच वरचे आवरण काढून घरटे, वाळके गवत आणि ऑइलने चिकटलेली धूळ ब्रशने व हवेच्या फवाऱ्याने काढावी. सायलेन्सरभोवतीचे गवतही काढावे, कारण आगी तिथून लागतात. पाण्याचा जोरदार झोत इंजिनावर मारू नये.

ऑइल दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, इंजिन कोमट असताना बदलावे. उन्हाळ्यातल्या तापमानाला साधे एसएई ३० जाडीचे ऑइल योग्य आहे आणि या इंजिनात साधारण ४८ औंस म्हणजे १.४ लिटर बसते. बाटली उलटी करून मोकळे होण्याऐवजी डिपस्टिक पाहत भरावे. हवेचा कागदी फिल्टर झटकून पुन्हा वापरता येतो, ऑइलने भिजला असेल तर येत नाही.

इंजिन नीट चालले तरी गवत नीट कापले जाईलच असे नाही, आणि तो दोष बहुधा डेकचा असतो. डेक काढण्यापूर्वी प्लगची वायर पुन्हा सोडवावी. मोवर एका कुशीवर कधीही उलटू नये. पेट्रोल वाहते आणि ऑइल सिलिंडरमध्ये व फिल्टरमध्ये शिरते. पाती उंचीच्या सर्वांत खालच्या खाचेत आणून, बेल्ट इंजिनाच्या पुलीवरून उतरवून आणि क्लिपा काढून हा डेक बाजूने सरकवून बाहेर घेता येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोवरखाली हात घालू नये, खाली भक्कम जॅक स्टँड असावेत. बेल्ट काढलेला असताना प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवावा. खरखर जाणवली किंवा पाते वर-खाली हलले तर बेअरिंग संपले आहे. या डेकवर पूर्ण स्पिंडल बदलणे सोपे पडते. एक गोष्ट मात्र जाणून घ्यावी : नव्या अॅल्युमिनियमच्या स्पिंडलच्या भोकांना आटे पाडलेले नसतात, बोल्टच आटे पाडत आत जातात. ते डेकबाहेर, टेबलावर धरून, थोडे आत-थोडे बाहेर करत एकदा फिरवून घेतले नाहीत, तर डेकखाली अवघडल्या अवस्थेत बोल्ट तुटतो आणि दिवस त्यातच जातो.

पात्यांना धार मूळच्या कोनातच लावावी. कानस पुरते, ग्राइंडर वापरल्यास पाते निळे पडेपर्यंत तापवू नये. वस्तऱ्यासारखी धार लगेच दुमडते, त्यामुळे तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. धार लावल्यावर पाते मधल्या भोकातून खिळ्याला अडकवून आडवे राहते का ते पाहावे आणि जड बाजू थोडी घासावी, कारण असमतोल पात्याचा कंप बेअरिंग खातो. ९१७ मालिकेतल्या बहुतेक पात्यांचे भोक पाच टोकांच्या चांदणीचे असते, एमटीडीचे सहा टोकांचे. पात्याचा बोल्ट विशेष कठीण केलेला असतो, त्यामुळे डब्यातला कुठलाही बोल्ट तिथे चालत नाही. तो ४५ ते ५५ फूट-पाउंडांवर आवळावा. केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू या गवताची टोके कापल्यानंतर दोन दिवसांनी तपकिरी, फाटल्यासारखी दिसली, तर पाती बोथट आहेत असे गवतच सांगत असते. हे गवत ३ ते ४ इंच उंच ठेवावे आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. तसे केल्यास मोवरवरचा भारही कमी राहतो.

डेक परत बसवल्यावर कापणी एका बाजूने खोल होत असेल, तर समायोजनाचे नट फिरवण्याआधी टायरची हवा मोजावी. पुढे सुमारे १४ आणि मागे १० पीएसआय असते, आणि जुन्या मोवरचे एक टायर हमखास बसलेले सापडते. मग डावी-उजवी उंची सारखी करावी आणि पात्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंचाच्या आसपास खाली ठेवावे. बेल्ट भागाच्या क्रमांकानुसारच घ्यावा. मोटारीच्या दुकानातला तेवढ्याच लांबीचा बेल्ट बसतो, पण मोवरमध्ये तो पुलीवर सतत घसरत व आवळत राहण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे लवकर जळतो. नवा बेल्ट वारंवार उतरत असेल तर आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या) पुलीचे बेअरिंग किंवा वाकलेली कड तपासावी.

सीटखालचा, ब्रेकच्या पेडलचा आणि पात्यांच्या लीव्हरचा असे सुरक्षा-स्विच आपल्या मोवरवर असतील. जुन्या मोवरमध्ये ते कोणीतरी वायर जोडून निकामी केलेले असतात, आणि नव्या मालकाला ते ठाऊक नसते. पाती चालू असताना सीटवरून किंचित उठावे. इंजिन बंद पडायला हवे. पाती बंद केल्यावर ती पाच सेकंदांच्या आत थांबायला हवीत. यातले काहीही होत नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत मोवर वापरू नये, आणि लहान मुले अंगणात असताना तर दुरुस्त मोवरही चालवू नये. मागे जाताना होणारे अपघात हे या यंत्राचे सर्वांत वाईट अपघात आहेत. १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर तो नेऊ नये आणि उतारावर नेहमी वर-खाली चालवावा, आडवा नाही.

गिअरबॉक्सबद्दल थोडेच सांगतो. मोवर चढावर मंदावत असेल तर आधी मागच्या चाकांना गती देणारा बेल्ट बदलावा, कारण झिजलेल्या बेल्टचे खापर गिअरबॉक्सवर फुटते. गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असल्यास मागचा मोकळा करण्याचा दांडा पूर्ण आत आहे का ते पाहावे आणि पुस्तिकेप्रमाणे त्यातली हवा काढावी. हे सर्व करूनही अर्ध्या तासाने गरम झाल्यावर तो चढ चढेनासा झाला, तर तिथे मी थांबेन. तसेच क्रँकशाफ्ट वाकला असेल, रॉड तुटून इंजिनाला भोक पडले असेल, किंवा स्पिंडल बसतात तिथला डेकचा पत्रा गंजून फाटला असेल, तरीही थांबेन. नवा साधा रायडिंग मोवर २,००० डॉलरच्या आसपास येतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खर्च वीस वर्षांच्या यंत्रात घालू नये, असा माझा हिशेब आहे. टॅपेट, पेट्रोलची नळी, पाती, बेल्ट आणि अगदी दोन स्पिंडल धरूनही आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली राहाल.

हिवाळ्यासाठी ऑक्टोबरअखेरची शेवटची कापणी झाल्यावर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन दहा मिनिटे उघड्यावर चालवावे, गॅरेजचे दार बंद करून कधीही नाही. बॅटरी काढून घरात आणावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. डेकचा तळ खरवडून कोरडा करावा, कारण ओल्या गवताचा थर पत्रा आतून खातो.

तूर्त आपण प्लग काढून इंजिन मोकळे फिरते का ते पाहावे आणि दोन्ही टॅपेटची अंतरे मोजावीत. ते दोन आकडे आणि इंजिनावरचे मॉडेल-टाइप-कोड कळवलेत, तर कॅमशाफ्टपर्यंत जावे लागेल की नाही, हे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकेन.